ऋतुपर्णाची विद्या

महाभारताच्या वनपर्वात नलदमयंतीची कथा आहे. ती लहानपणी ऐकताना आपले सारे लक्ष हंसाकडे आणि दमयंतीकडे असते. त्यामुळे तिच्यातला एक छोटा प्रसंग बहुधा निसटून जातो. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण विदर्भाकडे निघाला आहे. त्याचा रथ हाकणारा बाहुक हा रूप पालटलेला नल आहे. वाटेत बेहड्याचे झाड लागते. राजा त्याच्याकडे नजर टाकतो आणि पाने किती, फळे किती, ते सांगून मोकळा होतो. दोन फांद्यांवर फळे आहेत २०९५! बाहुकाला हे पटत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो आणि फळे मोजतो. हिशेब जुळतो. मग दोघांत देवघेव ठरते. राजाने संख्येची आणि फाशांची विद्या द्यायची, सारथ्याने घोड्यांची विद्या द्यायची. आणि संख्येची विद्या मिळते न मिळते तोच नलाच्या अंगात इतकी वर्षे ठाण मांडून बसलेला कली बाहेर पडतो.

व्यासांनी कलीला हाकलण्यासाठी यज्ञ, तप, तीर्थयात्रा यांपैकी काहीही योजले असते तरी चालले असते. त्यांनी गणित योजले. एखादे कौशल्य शिकल्याने माणसाच्या अंगातला दोष जावा, ही कल्पना आपल्याला चमत्कारिक वाटते. कारण सद्गुण ही स्वभावाची बाब आणि हिशेब ही शिक्षणाची बाब, अशी वाटणी आपण मनात करून ठेवली आहे. प्रामाणिक माणूस अडाणी असला तरी प्रामाणिकच, असे आपण म्हणतो. हे कितपत खरे आहे, याचा विचार करण्यासाठी मी एक असे क्षेत्र निवडले आहे की ज्याचा नीतिशास्त्राशी वरवर पाहता काही संबंध दिसत नाही: रानावनांचा अभ्यास करणाऱ्यांना संख्याशास्त्र शिकवणे.

परिसरशास्त्राच्या अभ्यासकाचे काम थोडक्यात सांगायचे तर न दिसणाऱ्या गोष्टींविषयी बोलण्याचे आहे. डोंगरावर बिबटे किती, खाडीत मासे किती, गवताळ माळावरचे माळढोक वाढले की घटले, हे त्याला विचारले जाते. यांतले सगळे त्याने पाहिलेले नसते आणि कधी पाहता येणारही नसते. त्याने पाहिलेले असतात काही ठसे, काही विष्ठा, पंधरवड्यात दोनदा झालेली ओझरती भेट. एवढ्याशा शिदोरीवर त्याला साऱ्या रानाविषयी बोलायचे असते. या अवघड कामासाठी त्याची तयारी कशी होते? आपल्याकडे पुष्कळ मुले गणिताचा धाक वाटतो म्हणूनच जीवशास्त्राकडे वळतात. बाहेरही फार निराळे नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निरनिराळ्या देशांतील ९३७ परिसरशास्त्रज्ञांना त्यांच्या शिक्षणाविषयी विचारण्यात आले. बहुतेक जण उमेदवारीच्या काळातले होते. त्यांपैकी ७५ टक्क्यांनी गणिती प्रतिमानांची आपली समज समाधानकारक नसल्याचे सांगितले, आणि ९५ टक्क्यांना संख्याशास्त्राचे तास अधिक हवे होते. म्हणजे बाहुकांची संख्या मोठी आहे. घोडा त्यांना उत्तम कळतो. झाड मात्र तोडल्याखेरीज मोजता येत नाही.

यात नीतीचा प्रश्न कोठे आला, असे कोणी विचारील. जे पाहिले ते सांगावे, न पाहिलेले सांगू नये, एवढे पाळले म्हणजे झाले! कोर्टातल्या साक्षीदाराला हा नियम पुरतो. पण जो न पाहिलेल्याविषयी बोलण्यासाठीच नेमलेला आहे, त्याला तो पुरत नाही. आणि जे पाहिले तेच सांगितले, तरी ते खरे असतेच असे नाही. याचा एक सुंदर दाखला एका मराठी माणसाच्या कामातून मिळतो.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ. देशात धान्य किती पिकते याचा अंदाज कसा करावा, या प्रश्नावर त्यांनी काम केले. रीत अशी की काही शेते निवडावी, शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखावा, त्यातले पीक कापून, मळून तोलावे आणि त्यावरून जिल्ह्याचे उत्पन्न काढावे. तुकडा जितका लहान, तितका खर्च आणि श्रम कमी. म्हणून फार लहान तुकड्यांची पद्धत सोयीची वाटे. सुखात्म्यांनी पडताळा घेतला, तेव्हा लहान तुकड्यांवरून काढलेला उतारा खऱ्याहून जास्त येतो असे आढळले. १९४६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. कारण मोठे मार्मिक आहे. आखलेल्या रेषेवरच उभे असलेले रोप आतले धरावे की बाहेरचे? कापणाऱ्याचा हात नकळत त्याला आत घेतो. भरलेले कणीस बाहेर टाकायला मन होत नाही, एवढेच. मोठ्या तुकड्यात ही चूक दबून जाते. दहा मीटर लांब-रुंद चौकोनात क्षेत्र १०० चौरस मीटर आणि कड ४० मीटर. एक मीटरच्या चौकोनात क्षेत्र एक चौरस मीटर आणि कड ४ मीटर. लहान तुकडा म्हणजे जवळजवळ नुसती कडच!

या कापणाऱ्यांपैकी कोणी खोटे बोलले नव्हते. प्रत्येकाने पाहिले तेच लिहिले, तोलले तेच मांडले. तरी सगळे मिळून जो आकडा झाला तो खोटा होता, आणि नेहमी एकाच बाजूने खोटा होता. १९४३ मध्ये ज्या देशाने बंगालचा दुष्काळ पाहिला, त्या देशात नसलेले धान्य कागदावर असणे ही काही किरकोळ बाब नव्हे. माणसाचा हात प्रामाणिक असूनही कलतो. तो कोणत्या बाजूला आणि किती कलतो, हे मनाला विचारून कळत नाही. ते पद्धतीने शोधावे लागते.

आता वाघांकडे येऊ. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपल्या विदर्भातले मेळघाट होते. त्यानंतर कितीतरी वर्षे वाघांची गणना पावलांच्या ठशांवरून होत असे. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत. वनरक्षकांनी माग काढायचे, काचेवर ठसा गिरवून घ्यायचा, ठशाठशांतला फरक पाहून वाघ वेगळे करायचे आणि बेरीज मांडायची. या रक्षकांचे श्रम आणि रानाची जाण यांना तोड नाही. पण एकाच वाघाचा ठसा ओल्या चिखलात एक दिसतो, फुफाट्यात दुसराच दिसतो. शिवाय या बेरजेत, ज्या वाघाचा माग कोणाला लागलाच नाही त्याच्यासाठी जागाच नव्हती. ‘इतके वाघ’ असे ठामपणे म्हटले जाई. ‘सुमारे’ हा शब्द त्या कोष्टकात नव्हता.

राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात २००४ च्या गणनेत १६ ते १८ वाघ असल्याचे कागदोपत्री होते. २००५ मध्ये उघड झाले की तेथे एकही वाघ उरलेला नाही. आकड्याने वाघ मारले नाहीत, चोरट्या शिकाऱ्यांनी मारले. पण आकड्याने पहारा झोपवला. घरात दिवा लागलेला दिसला की शेजारी निर्धास्त असतात, तसे झाले. वाघ नाहीत हे वेळीच कळले असते, निदान ‘आम्हांला नक्की सांगता येत नाही’ एवढे कोणी वेळीच म्हटले असते, तर शेवटचे चार-दोन तरी वाचते. पुढे २००८ पासून रणथंभोरचे वाघ आणून तेथे सोडावे लागले.

मग न दिसणाऱ्या वाघाची गणती करावी तरी कशी? रीत घरातल्या डब्यावर करून पाहण्याजोगी आहे. डबाभर हरभरे घ्या. त्यांतले ५० काढून त्यांना हळद फासा, परत डब्यात टाका आणि डबा चांगला हलवा. आता डोळे मिटून ६० हरभरे काढा. त्यांत पिवळे १० निघाले, तर पिवळ्यांचे प्रमाण सहात एक झाले. म्हणजे डब्यात एकंदर सुमारे ३०० हरभरे असले पाहिजेत. सगळे न मोजता सगळ्यांचा अंदाज आला. वाघाला हळद फासावी लागत नाही. त्याच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे निराळे असतात. रानवाटांवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावून, कोणता वाघ किती वेळा आला यावरून न आलेल्यांचा अंदाज काढण्याची ही रीत उल्लास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळेच्या रानात वापरली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. कारंत मुळात अभियांत्रिकी शिकलेले.

पण हरभऱ्यांच्या हिशेबात काही गोष्टी आपण धरून चाललो होतो. हळद निघून जात नाही, डबा नीट हलवला आहे, मधल्या वेळात कोणी हरभरे घातले किंवा खाल्ले नाहीत. संख्याशास्त्रातले प्रतिमान म्हणतात ते काय, तर अशी आपली गृहीते उघड करून मांडणे. ठशांच्या गणनेतही गृहीते होतीच. फक्त ती कोणाला दिसत नव्हती, मांडणाऱ्याला देखील नाही. आपण काय धरून चाललो आहोत हे सांगणे म्हणजे दुसऱ्याला आपली चूक पकडण्याची जागा दाखवून ठेवणे. यापेक्षा निराळा नम्रपणा मला ठाऊक नाही.

२०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते. त्यांत, बछडे सोडून, २,४६१ निरनिराळे वाघ टिपले गेले. अंदाज मात्र २,९६७ चा करण्यात आला आणि त्याबरोबर हेही सांगितले गेले की खरी संख्या २,६०३ ते ३,३४६ यांच्या दरम्यान असावी. म्हणजे सुमारे ५०० वाघ असे, की जे कोणत्याही छायाचित्रात नाहीत. ते आहेत असे गणित म्हणते. आणि स्वतः किती चुकू शकते तेही गणितच सांगते. या देशव्यापी अंदाजाच्या पद्धतीवरही तज्ज्ञांचे वाद झाले आहेत. ते वाद होऊ शकतात, कारण पद्धत मांडलेली आहे. ठशांच्या काळात वाद घालायचा तर माणसाच्या सचोटीवरच घालावा लागे, आणि सचोटीवरचा वाद कधी मिटत नाही.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. संस्कृतात यालाच स्थालीपुलाकन्याय म्हटले आहे. गृहिणीची ही रीत शास्त्रशुद्ध आहे, कारण पातेले एक आहे आणि आच सगळ्या तांदळाला सारखी लागलेली आहे. पण त्या एका शितावरून साऱ्या आळीतला भात शिजला असे कोणी म्हणाले तर? आणि ‘मी एक नव्हे, हजार शिते चाचपली’ असे वर सांगितले तर? शिते हजार असतील, पातेले एकच आहे! ही चूक हास्यास्पद वाटते, पण विद्वानांनी ती केली आहे. एक डोंगर वणव्यात जळलेला, दुसरा न जळलेला. दोहोंवर पन्नास-पन्नास चौकोन आखायचे, झाडे मोजायची आणि वणव्याचा परिणाम शंभर नमुन्यांवर सिद्ध झाला म्हणायचे. वास्तविक डोंगर दोनच आहेत; फरक वणव्याचा आहे, उताराचा आहे की मातीचा, हे कसे ठरवणार? स्टुअर्ट हर्लबर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८४ मध्ये असे प्रकार वेचून काढले. त्याने तपासलेल्या १७६ प्रायोगिक निबंधांपैकी २७ टक्क्यांत ही जात सापडली. संख्याशास्त्राने अनुमान काढणारे निबंध तेवढे वेगळे धरले, तर ४८ टक्क्यांत. एवढ्या विद्वानांपैकी कोणाला लबाडी करायची नव्हती.

याविरुद्ध दोन-तीन आक्षेप आहेत. पहिला रसिकाचा. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री मेळघाटात, ताडोब्यात पाणवठ्याजवळच्या मचाणांवर हौशी माणसे बसतात आणि पाण्यावर आलेली जनावरे टिपून घेतात. चांदणे असते, वारा पडलेला असतो, सांबर अवघडून पाय टाकीत येते. अशा रात्री त्या माणसाला गृहीतके विचारायची? विचारू नयेत, ती रात्र मोजण्यासाठी नाहीच. तिने माणूस रानाशी जोडला जातो, हे तिचे काम पुरेसे आहे. मात्र तेच सांबर पुन्हा पाण्यावर आले तर ते दोन होत नाहीत. प्रेमाने पाहावे आणि काळजीने मोजावे. एकाला दुसऱ्याचे वावडे नाही. आजारी मुलाच्या कपाळावर हात ठेवणारी आई तापमापकही लावतेच.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. विद्या आली म्हणून माणूस खरा बोलेल कशावरून? नाहीच बोलणार. रिचर्ड माइनर्टझहागन हा इंग्रज पक्षितज्ज्ञ विद्येत कमी नव्हता. त्याने संग्रहालयातला रानपिंगळ्याचा जुना नमुना चोरला आणि तो आपण १९१४ मध्ये गुजरातेत मिळवला अशी चिठ्ठी त्याला लावली. या पक्ष्याची खरी शेवटची नोंद १८८४ ची. त्या खोट्या चिठ्ठीने पुढचा शोध भलतीकडे वळवला. पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडकीस आणली, खोटी नोंद बाजूला काढली, खऱ्या ठिकाणांचा माग धरला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळ तो पिंगळा ११३ वर्षांनी पुन्हा दिसला! तेव्हा विद्या म्हणजे सचोटी नव्हे, हे कबूल. पण सचोटी आहे आणि विद्या नाही, तर ती सचोटी आंधळी आहे. शिवाय खोटे ओळखायलाही विद्याच लागते. आणि ‘दिसला नाही’ म्हणजे ‘नाही’ असे नव्हे, हा त्या पिंगळ्याचा आणखी एक धडा.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा, आणि मला तो सर्वांत कठीण वाटतो. अभ्यासकाने आपली शंका उघड मांडली की तिचा फायदा दुसराच घेतो. ज्याला त्या रानात खाण काढायची आहे तो म्हणतो, ‘तुम्हांलाच खात्री नाही, मग आम्हांला का अडवता?’ त्यापेक्षा ठाम आकडा सांगावा आणि रान वाचवावे, असा मोह होतो. हा मोह नीच नाही. तो प्रेमापोटीच होतो. पण ठाम आकड्याचा आधार आज रान वाचवण्यासाठी घेतला, तर उद्या तोच आधार सरिस्कासारखे रिकामे रान भरलेले दाखवण्यासाठी घेतला जाईल. या आकड्यांवरून गाभ्यातली गावे उठवली जातात, गुरांची चराई बंद होते. ज्याला आपली शेते सोडून जायचे आहे, त्याला तो आकडा किती पक्का आहे हे विचारण्याचा हक्क आहे. शंका सांगितल्याने एखादे वेळी रान हरेल. शंका लपवल्याने अभ्यासकाचा शब्दच हरतो, आणि मग पुढच्या कोणत्याही रानासाठी बोलायला त्याच्याजवळ काही उरत नाही.

म्हणून या शिक्षणाचे स्वरूप महत्त्वाचे आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथे रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात ‘आर’ नावाची संगणकीय भाषा रचली. ती फुकट मिळते आणि अवघडातला अवघड हिशेब क्षणात करून देते. पण पातेले एक होते की दहा, हे ती विचारत नाही. फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये कलकत्त्याच्या संख्याशास्त्र परिषदेत सांगितले होते की प्रयोग आटोपल्यावर आम्हांला बोलावणे म्हणजे प्रेताची तपासणी करायला सांगण्यासारखे आहे. तो फार तर मृत्यूचे कारण सांगेल. तेव्हा ही विद्या रानात जाण्यापूर्वी शिकायची आहे आणि रानातल्या प्रश्नांवरच शिकायची आहे.

आणि ती देवघेवीने शिकायची आहे. ऋतुपर्णाने विद्या दिली तशी घेतलीही. गणित शिकवणाऱ्यानेही चिखलातला ठसा आणि फुफाट्यातला ठसा एकदा वाकून पाहिला पाहिजे. माधव गाडगीळांनी हार्वर्डला गणिती परिसरशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन वा. द. वर्तकांबरोबर सह्याद्रीतल्या देवराया पायांखाली घातल्या. समीकरण जाणणारे डोके आणि देवराईत अनवाणी शिरणारे पाय एकाच माणसाचे असू शकतात, हे त्यांनी दाखवले.

आपल्यासारख्या घरबसल्या वाचकाला यातून घेण्यासारखे एवढेच की वर्तमानपत्रात ‘वाघ वाढले’ असे वाचले म्हणजे आनंद मानण्याआधी तीन गोष्टी विचाराव्या. प्रत्यक्ष पाहिले किती? अनुमानाने ठरवले किती? आणि चूक किती असू शकते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर छापलेले असेल तर त्या आकड्यामागे कोणीतरी जबाबदार माणूस उभा आहे असे समजावे. आपण मुलांना खरे बोलायला शिकवतो, ते चांगलेच करतो. पण त्याबरोबर ‘मला एवढेच ठाऊक आहे’ हे नेमक्या मापाने सांगायलाही शिकवावे. खरे बोलण्याचाच तो अधिक कठीण भाग आहे, आणि तो कोणाला जन्मतः येत नाही.